मामाच्या नावाचं कार्ड

अण्णा,

आज रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. प्रेसला सुट्टी आहे. शटर अर्धं वर करून मी एकटाच कॉम्प्युटरवर बसलो आहे आणि तुमच्या बाराव्या पुण्यस्मरणाचं कार्ड टाइप करतो आहे. एक तप झालं म्हणून काकांना यंदा मोठं जेवण घालायचं आहे. दोनशे कार्डं हवीत, मजकूर त्यांनीच वहीच्या पानावर लिहून दिला. 'पुण्यस्मरन' होतं, ते 'पुण्यस्मरण' केलं. 'स्वामीभक्त'चं 'स्वामिभक्त' केलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, गोडाचा त्याग करून अखेरपर्यंत वृतस्थ राहिलेले आमचे बंधू. मी सवयीनं 'व्रतस्थ' केलं आणि हात थांबला. चूक निघाली आणि खोटं शुद्ध झालं. गेली बारा वर्षं मी लोकांच्या लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं तपासतो. त्यात खरं किती असतं हे मी कधी पाहिलं नाही, ते माझं काम नव्हे. पण ही ओळ माझ्या घरातली आहे. काका चारला येतील. तोपर्यंत तुमच्या फोटोखाली काय छापायचं ते मला ठरवायचं आहे.

तुम्हाला माफ करण्यासाठी मी लिहीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मी अकरा वर्षांचा असेन. काकांच्या घरची वास्तुशांत, अंगणात पंगत बसलेली. बासुंदीचं भांडं दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी वाटी पुढं केली. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, तुमच्या पानात नुसता वरणभात. तुम्ही माझं मनगट धरलं आणि वाढणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालात, "मामाची जीभ घेऊन आलाय. पायाची बोटंपण त्याच्यासारखीच उतरवून घ्यायचीत का रे?" पंगत हसली. मग तुम्ही आणखी एक वाक्य टाकलंत, ते तुमचं ठरलेलं होतं, "मंगळवेढ्याची ज्वारी एक नंबर, पण माणसांचं वाण किडकं." पुन्हा हसले. आई तिकडच्या टोकाला बायकांना पाणी वाढत होती. तिनं ऐकलं. तांब्या तसाच धरून ती पुढच्या पानाकडे गेली. माझी वाटी रिकामीच राहिली आणि त्या दिवसापासून मी कुणाच्या घरी दुसऱ्यांदा काही मागितलेलं नाही.

मामाचं दुखणं तुम्हाला माहीत होतं. आईचा तो थोरला भाऊ, मंगळवेढ्यात घरची जिराईत जमीन आणि वेशीजवळ किराणाचं छोटं दुकान. त्याला शुगर होती आणि मी चार वर्षांचा असताना त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पायात रुमाल गुंडाळून तो आमच्याकडे यायचा, येताना हुरड्याच्या दिवसात हुरडा आणि एरवी शेंगदाणे आणायचा. तुम्ही त्याला ज्या खुर्चीत बसवायचात ती तो गेल्यावर ओल्या फडक्यानं पुसायला लावायचात. शुगर काही चिकटत नाही हे शाळेच्या हेडक्लार्कला, म्हणजे तुम्हाला, माहीत नसेल असं मी आता मानत नाही. मामाला ते समजलं. त्याचं येणं आधी वर्षातून एकदा झालं, मग बंद.

आणि तुम्ही स्वतः गोड सोडलं. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, त्यामुळे सोडण्याआधीचे तुम्ही मला आठवत नाही. एका गुरुवारी अक्कलकोटहून आलात आणि आईला सांगितलंत की स्वामींपुढे गोड सोडून आलोय. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अर्धी रजा टाकून तुम्ही दुपारच्या एसटीनं अक्कलकोटला जायचात आणि दिवेलागणीला पेढ्यांचा पुडा घेऊन परतायचात. सगळ्या गल्लीत वाटायचात. स्वतः एक कण तोंडात टाकायचा नाहीत. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, पुण्यवान हायसा बघा, असला नवरा मिळाला. होळीला आई पुरण घालायची आणि तुमच्यासाठी वेगळी भाकरी थापायची. ती थापत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिला म्हणायचात, "तू खा पोळी. तुझं काय, आज ना उद्या व्हायचंच आहे तुला." तिनं त्यानंतर पोळीला हात लावला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायला लागली. दर सहा महिन्यांनी तुम्ही तिला लॅबमध्ये रक्त द्यायला न्यायचात. रिपोर्ट नेहमी चांगला यायचा. तुमच्या चेहऱ्यावर आनंद कधी दिसला नाही, तो का, हे मला आता कुठं समजतंय.

तुम्ही शाळेच्या कार्यालयात खुर्चीतच गेलात. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं, त्यामुळे कुणी सुई टोचून रक्त बघितलं नाही. सगळे म्हणाले, हार्ट. सुपारीचं व्यसन नाही, गोड नाही, असा माणूस सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला म्हणजे मनाला काहीतरी लागलं असणार. काय लागलं असणार, ते काकांनी तेराव्याला सांगितलं, की वहिनींच्या माहेरच्या दुखण्यांनी दादाला पोखरलं. मी तेव्हा अकरावीत होतो. पुढच्या महिन्यात शाळा सोडून या प्रेसमध्ये आलो. तीन महिने कागद कापला, मग मालकांनी माझं लेखन बघून कॉम्प्युटरवर बसवलं.

यातला एक उपकार तुमचा आहे, तोही लिहितो, नाहीतर हिशेब चुकेल. दहावी झाल्यावर तुम्ही मला शुद्धलेखनाच्या नियमांचं एक पातळ पुस्तक दिलं होतं. पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात माझं नाव. आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू, आणि मी आजपर्यंत तिच्यावर पोट भरतोय. तुम्ही म्हणायचात, कागदावर जे लिहिलं ते कायम, म्हणून नीट लिही. मी नीट लिहीत आलो.

गेल्या वर्षी मालकांनी आम्हा सगळ्यांची तपासणी करून घेतली. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून झालेलं नाही, पण वाट तिकडंच जाते, रोज चाला, सहा महिन्यांनी परत दाखवा. घरात कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामाला. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्या दिवसापासून मला झोपेत पाय दिसायचे. सकाळी उठून मी पायाची बोटं मोजायचो. तुम्हाला हसू येईल, पण दहाच आहेत याची मी रोज खात्री करून घ्यायचो. भाकरी वजनकाट्यावर ठेवून खायला लागलो. आई म्हणाली, काय रं, सोनं हाय का ते. तेवढ्यात जनुकांच्या तपासणीची जाहिरात मोबाइलवर दिसली. नळीत थुंकी द्यायची, पुण्याला जाते, आणि आपल्या रक्तातून कुठला आजार किती यायची शक्यता आहे ते ते लोक सांगतात. अर्धा पगार गेला. मला वाटलं होतं, मतदार यादीसारखा तक्ता येईल, डावीकडे आईचं घर, उजवीकडे वडलांचं घर, आणि समोर आजार. मामाचा वाटा माझ्यात किती उतरलाय तेवढं कळलं की झालं.

सोबत एक फॉर्म होता. वडील, या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, कोणताही आजार नव्हता, गोड वर्ज्य. मामा, या रकान्यात लिहिलं, मधुमेह, तीव्र, पायाची दोन बोटं काढली. एकही चूक नव्हती, म्हणजे लेखनाची.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. मधुमेहाची शक्यता सरासरीपेक्षा काहीशी अधिक, एवढंच. आईचं घर, वडलांचं घर असा तक्ता कुठंच नव्हता. अहवाल समजावून द्यायला त्यांच्या मॅडमचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाच्या असतील, पण बोलणं शांत. त्यांनी सांगितलं की ही साखर एका कुठल्या जनुकामुळे होत नाही. शेकडो बारीक बारीक फरक असतात, एकेकाचा वाटा अगदी थोडा, त्या सगळ्यांची बेरीज केलेली असते. शिवाय ही बेरीज ज्यांच्यावर बेतलीय त्यांत आपल्याकडची माणसं कमी, म्हणून आकडा घट्ट धरून बसू नका. शक्यता जास्त म्हणजे होणारच असं नाही, आणि कमी म्हणजे सुटका असंही नाही. मी विचारलं, पण यातलं आईकडून किती आलं? त्या म्हणाल्या, निम्मं आईकडून येतं आणि निम्मं वडलांकडून, त्यात कुणाच्या माथी मारण्यासारखं काही नसतं. चालणं, वजन, आणि घरात कुणाला कधी झालं, हे या अहवालाहून जास्त बोलतं.

मग त्यांनी माझा फॉर्म बघितला असावा. नंतर विचारलं, "वडलांनी गोड का सोडलं होतं?"

मी अभिमानानं सांगितलं, स्वामींपुढे सोडलं होतं. अकरा वर्षं. पहिल्या गुरुवारी अक्कलकोट चुकलं नाही. कितव्या वर्षी सोडलं, वजन उतरलं होतं का, तहान फार लागायची का, रात्री किती वेळा उठायचे, असं त्या एकेक विचारत गेल्या. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तरागणिक माझा आवाज लहान होत होता, कारण तुमच्या उशाला भरलेला तांब्या मला दिसत होता, आणि पहाटे संपलेला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही. पण घरात जुने कागद असतील तर एकदा बघा. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे."

तुमची पत्र्याची पेटी आई कुणाला उघडू देत नव्हती. मी मागितली तेव्हा तिनं किल्ली दिली आणि तांदूळ निवडत बसली. आत एक फाइल होती, आईच्या नावाची. तिचे लॅबचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, एकवीस. प्रत्येकाच्या मागं तुमच्या त्या वळणदार अक्षरात दोन शब्द. अद्याप नाही. अद्याप नाही. अद्याप नाही. एकवीस वेळा. वाट बघत होता का हो तुम्ही? फाइलच्या शेवटच्या खिशात एक घडी पडलेलं पिवळं कार्ड होतं. अक्कलकोटच्या एका दवाखान्याचं. नाव मामाचं. पूर्ण नाव, मामाच्या वडलांसकट, आडनावासकट. आत गोळ्यांची नावं, साखरेचे आकडे, दर महिन्याची तारीख. मला आधी वाटलं, मामा तिथं जायचा आणि तुम्ही त्याचं कार्ड जपून ठेवलंत. क्षणभर तुमच्याबद्दल बरं वाटलं. मग वय बघितलं. मामा आईपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कार्डावरचं वय तुमचं होतं. मोबाइलवर जुनी कॅलेंडरं काढून तारखा जुळवल्या. सगळे गुरुवार, महिन्यातले पहिले.

मी अक्कलकोटला गेलो. दवाखाना स्टँडपासून जवळच आहे, डॉक्टर राहिले नाहीत, त्यांची मुलगी बसते. पण कंपाउंडर तेच, म्हातारे, कानात केस, माझ्याशी मराठी आणि आतल्या बाईशी कानडी. मी तुमचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"हौदु, हौदु, होय. हे गुरुवारचे की," म्हणाले, आणि खुशाल मामाचं नाव घेतलं. "मंगळवेढ्याचे. लई शिस्तीचा माणूस. अक्षर बघा, फॉर्म सोता भरायचे."

मी म्हणालो, हे माझे वडील, आणि सोलापूरचे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी फोटो पुन्हा बघितला. मी विचारलं, दर्शनाला किती वाजता जायचे? त्यांनी मान हलवली. "डॉक्टर म्हणायचे की हो, रिपोर्टला तासभर हाय, तोवर मठात जाऊन या. ते म्हणायचे, नको, गर्दी असते, हितंच बसतो. त्या बाकड्यावर. जाताना स्टँडवरनं पेढे घ्यायचे."

मी त्या बाकड्यावर बसलो. निळा रंग उडालेला. अकरा वर्षं तुम्ही तिथं बसून मामाचं नाव पुकारलं की उठत होता. एकदाही तुमच्या कानांना वाटलं नाही का, की हाक आपल्याला नाही? की सवय झाली? मला असंही वाटलं की ज्या माणसाची खुर्ची पुसायला लावलीत त्याच्याच नावात तुम्हाला सगळ्यात सुरक्षित वाटत होतं. तुम्हाला झालं ते सांगायची लाज वाटली, एवढं मी समजू शकतो. मलाही लाज वाटते, मीही पेढा नको म्हणताना पोट बिघडलंय असं सांगतो. पण तुम्ही नुसतं लपवलं नाही. तुमच्यात होतं ते काढून आईच्या अंगावर घातलंत, आणि ते तिच्यात उगवतंय का हे दर सहा महिन्यांनी तपासलंत. पंगतीत माझं मनगट धरलंत तेव्हा तुम्ही सहा वर्षं गोळ्या खात होता. मला तुम्ही काय द्यायला हवं होतं माहीत आहे? एक वाक्य. मला आहे, तू सांभाळ. ते मिळालं असतं तर मी विसाव्या वर्षी रक्त तपासलं असतं. इतकी वर्षं मी मामाच्या पायाला भ्यालो, आणि खरं भ्यायचं ते भिंतीवर हार घालून लावलं होतं.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी होती. तुमच्या आजाराबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. कार्ड हातात घेतलं, तिला वाचता येतं पण सावकाश, नावावर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "माझ्या भावाचं नाव? त्याचं नाव कशापायी?" आणखी थोड्या वेळानं, "मेला तवा मला जाऊ दिलं न्हाई दादाला बघाय." मी म्हणालो, आई, मामा अण्णांच्या नंतर गेला, तेव्हा तूच गेली नाहीस. ती म्हणाली, "व्हय. त्यांनी सांगितल्यालं होतं म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच्या चहात साखर घातली. दोन चमचे. माझ्याकडं बघत घातली, जणू मी अडवणार होतो. तिची साखर, अण्णा, अद्याप नाही. सत्तावन्न पूर्ण झाली.

हे इथपर्यंत लिहून मी कार्डावरची तिसरी ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: यांना अकरा वर्षे मधुमेह होता. त्यावरचे उपचार ते आपल्या मेहुण्यांच्या नावाने घेत. हा आजार त्यांच्या पत्नीच्या माहेरून या घरात आलेला नाही. तीन वाक्यं, दोनदा तपासली. 'मेहुण्यांच्या' मधला हु ऱ्हस्व, बरोबर. 'माहेरून' मधला रू दीर्घ, बरोबर. मशीन चालू केली आणि दोनशे काढली. शाईचा वास आला तेव्हा मला बारा वर्षांत पहिल्यांदा तुमचा फोटो सरळ बघता आला.

काका चारच्या आधीच आले, साडेतीनला. बसायच्या आधी म्हणाले, लेका, फोटो जरा मोठा टाकायचास की. मग चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते स्टुलावर बसले आणि घाम पुसला.

"दादाच्या गोळ्या मीच टाकून दिल्या होत्या," ते म्हणाले. "शाळेचा ड्रॉवर मी रिकामा केला. सहा पाकिटं होती."

मी विचारलं, "मग तेराव्याला तसं का बोललात?"

"मग काय बोलायचं होतं रे? दादाला शुगर होती म्हटल्यावर तुझ्या बहिणी कुणी केल्या असत्या?" बहिणी म्हणजे त्यांच्या दोन मुली. दोघी आता आपापल्या घरी आहेत. मग त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं आणि आवाज उतरवला. "आणि तुझं? हे दोनशे घरांत जाणार. अकलूजला पोचायला किती वेळ लागतोय? त्यांना काय सांगितलंयस तू?"

मी कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडा सरळ करत राहिलो. काका उठले, म्हणाले, ही मी नेत नाही, तुझं तू बघ, वाटायचीत तर तुझ्या हातानं वाट. आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले.

आता पाच वाजून वीस मिनिटं झालीत. मी दोनशे पाकिटं काढून बसलो आहे आणि एकेकावर पत्ते घालतो आहे. पहिलं मंगळवेढ्याला, मामीच्या नावानं. मग तुमच्या शाळेच्या, मग गल्लीतल्या, ज्यांनी पेढे खाल्ले त्या सगळ्यांच्या. काकांना द्यायचं राहिलेलं उत्तर तुम्हाला देतो, कारण हे पत्र कुठंच जाणार नाही.

दोन आठवड्यांपूर्वी, नऊ तारखेला, मी आणि आई अकलूजला मुलगी बघायला गेलो होतो. माणसं चांगली आहेत. मुलगी डेअरीत हिशेब बघते, माझ्याशी नीट बोलली, मला आवडली. तिच्या थोरल्या चुलत्यांनी पेढा पुढं केला, मी नको म्हणालो, तर ते हसून म्हणाले, "का ओ पाव्हणं, शुगर-बिगर न्हाई ना घरात?" अक्कलकोटला जाऊन तेव्हा मला तीन महिने झाले होते. कार्ड माझ्या पाकिटात होतं. आणि मी म्हणालो, वडील निरोगीच होते, आईच्या माहेरी आहे थोडी. विचार न करता म्हणालो, इतकं सरळ आलं. आई शेजारीच होती, तिच्या हातात पाण्याचा पेला होता. येताना एसटीनं टेंभुर्णी सोडली. मग आई खिडकीकडं बघत म्हणाली, "आवाज बी तसाच लागला रं तुझा."

एकशे नव्व्याण्णव पत्ते लिहून होतील, हात अजून दुखत नाही. अकलूजचा पत्ता मला पाठ आहे, पिनकोडसकट. त्यांचं पाकीट मी बाजूला काढून ठेवलं आहे आणि ते अजून कोरंच आहे.